जीपमधले मासे

सावरखिंड गावाला एकच जीप होती, आणि त्या जीपसाठी गावाने एक उतार सोडून दिला होता.

जीप जुनी. तिचा मालक आणि ड्रायव्हर मुरलीधर घोडके. थंडीच्या सकाळी तिचा स्टार्टर कुरकुरला, तर तिला उतारावरून नुसती सोडून द्यायची, वेग आला की गिअर टाकायचा. मग इंजिन धडधडायला लागायचं. म्हणून देवळामागचा उतार जीपसाठी राखलेला. गावात सगळ्यात चांगलं ऊन तिथेच पडायचं, तरी तिथे कुणी नाचणी वाळत घालत नसे, बैल बांधत नसे. पोरंसुद्धा गोट्या खेळायला दुसरीकडे जात. आजारी माणसाला कधीही तालुक्याला न्यायची वेळ येते, तेव्हा जीप निघालीच पाहिजे, एवढं सगळ्यांना कळत होतं. जीप उतारावर आणि तोंड रस्त्याकडे, अशी सावरखिंडीची रीतच होती.

शहरात मुरलीधरच्या मेहुण्याच्या कचेरीत नवे कॉम्प्युटर आले, आणि जुन्यांतला एक मुरलीधरच्या वाट्याला आला. गावात तोवर कुणी कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. मुरलीधरची मुलगी रंजना मात्र तालुक्याला जाऊन तो चालवायला शिकली होती. मुरलीधरच्या डोक्यात आलं, हा जीपमध्येच बसवला तर? बाजारच्या दिवशी जीप तालुक्याच्या कचेरीसमोर उभी करायची आणि रंजनाने लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. विचार चांगला होता. पुढे जे झालं त्याचा दोष त्या विचाराला देता येणार नाही.

तालुक्याच्या स्टँडजवळ बशीरभाई गाड्यांचं वायरिंग करायचा. आपल्या हाताखालून न गेलेली गाडी जिल्ह्यात नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. त्याने कॉम्प्युटरचा डबा सीटखाली काथ्याच्या गादीत बसवला, म्हणजे खड्ड्यांचे हादरे लागू नयेत. पडदा ड्रायव्हरच्या पाठीमागे, मागच्या बाकांकडे तोंड करून सायकलच्या ट्यूबने आवळला. बॅटरीची वीज घरातल्या विजेसारखी करणारा एक इन्व्हर्टर त्याला जोडून दिला.

"मुरलीभाऊ, तार किल्लीवरून घेतलीय," तो म्हणाला. "किल्ली काढली की हे बंद. त्याला हात लावू नको. बॅटरी एकच हाय. तिनं हे बी चालवायचं आणि सकाळी गाडी बी उठवायची, हे जमायचं न्हाई."

"मी कशाला हात लावतोय?" मुरलीधर म्हणाला. तेव्हा त्याच्या मनात खरोखरच तसं काही नव्हतं.

पण कॉम्प्युटरला थोडा वेळ काम दिलं नाही की त्याच्या पडद्यावर मासे यायचे. निळंशार पाणी, त्यात केशरी मासे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, मधूनच वर जाणारे बुडबुडे. डोंगरातल्या माणसांनी मासे पाहिले होते ते ओढ्यातले, करड्या रंगाचे आणि बहुधा कालवणात. असे मासे कुणी पाहिले नव्हते. अर्ज लिहायला आलेला माणूस म्हणायचा, "अर्ज ऱ्हाऊ द्या जरा, मासं येऊ द्या."

हळूहळू गाव संध्याकाळी जीपपाशी जमू लागलं. उतारावर जीप कलती, बघणाऱ्यांना नीट उभं राहता येईना. मुरलीधरने जीप शाळेच्या पटांगणात आणली. तोंड शाळेच्या भिंतीला लावलं, पाठ पटांगणाकडे केली आणि जीपचा मागचा ताडपत्रीचा पडदा वर बांधून टाकला. आता सगळ्यांना दिसत होतं. इंजिन चालू ठेवलं तर डिझेल जाळा, किल्ली काढली तर मासे जातात. मग त्याने तारेचा एक तुकडा घेतला आणि बशीरभाईने किल्लीवरून नेलेली जोडणी सरळ बॅटरीला जोडली. किल्ली खिशात आणि मासे पडद्यावर! त्या दिवशी तो स्वतःवर फारच खूश झाला.

"आबा, बंद केलं तर मासे मरत नाहीत," रंजना म्हणायची.

"लोक बघतायत गं," तो म्हणायचा.

लोक बघत होते हे खरंच. 'मुरलीधरची जीप' असं म्हणणारे आता 'मुरलीधरचे मासे' म्हणत होते. जीप रोज थोडीफार पळायची, बॅटरी थोडीफार भरायची, संध्याकाळी मासे ती पिऊन टाकायचे. सकाळी स्टार्टर जास्त जास्त वेळ कण्हायचा. मुरलीधरला ते ऐकू येत नव्हतं असं नाही. पण एकदाची जीप सुरू झाली की माणूस कण्हणं विसरतो. उतार रिकामा पडलेला बघून बायकांनी तिथे नाचणी वाळत घातली. जीप तिथे नाही, तर ऊन का वाया घालवायचं?

मुरलीधरच्या शेजारी हौसाबाई राहायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. उजेड कळायचा, माणूस कळायचं नाही. मुलगा आणि सून दिवसभर कामाला जात. रांगती नात, मैना, हौसाबाईच्याच राखणीला असे. मैनाच्या पायांत घुंगरांचे वाळे घातले होते. त्यांच्या आवाजावरून पोर चुलीकडे निघाली की उंबऱ्याकडे, हे म्हातारी ओळखायची.

वर्षातून एकदा तालुक्याला डोळ्यांचं शिबिर भरायचं. शहरातले डॉक्टर यायचे आणि फुकट ऑपरेशन करायचे. हौसाबाई त्या दिवसाची वाट बघत होती.

"मुरली, पोरीचं पहिलं पाऊल मला बघायचंय रे," ती म्हणाली होती. "माझी पोरं चालाय लागली तवा मी खुरपायला गेलेली. एकाचं बी दिसलं न्हाई. हिचं तरी दिसू दे."

"मावशी, उजाडायच्या आत निघू," मुरलीधरने शब्द दिला. "पहिला नंबर आपला."

शिबिराच्या आदल्या संध्याकाळी गावात एका मुलीचा साखरपुडा होता. पाहुणे घाटाखालून आले होते आणि माशांची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली होती. जेवणं झाल्यावर सगळी मंडळी पटांगणात आली. हौसाबाईही मैनाला कडेवर घेऊन येऊन बसली. मैना पडद्याकडे हात करून खिदळत होती.

थोड्या वेळाने सीटखालून इन्व्हर्टर पी-पी करायला लागला. बॅटरी उतरली की तो असा ओरडतो, हे मुरलीधरला माहीत होतं. बघणाऱ्यांचं लक्ष माशांवर होतं. आवाज ऐकला तो हौसाबाईने.

"मुरली, काय ओरडतंय रे?"

"काही नाही मावशी. रडकाच आहे तो डबा."

"आबा, सकाळी लवकर निघायचंय. बंद करा ना," रंजना त्याच्या कानाशी म्हणाली.

त्याने पाहुण्यांकडे बघितलं. नवरदेवाचे काका तोंडाचा आ करून बघत होते. "आमच्याकडं गाड्या लई हायत," ते म्हणाले, "पण असलं काय न्हाई बघा." एवढं ऐकल्यावर पडदा काळा करायला मुरलीधरचा हात होईना. त्याने एक गोणपाट घेतलं आणि इन्व्हर्टरवर दाबून ठेवलं. आवाज दबला. मासे आणखी बराच वेळ पोहत राहिले.

पहाटे हौसाबाई नवं लुगडं नेसून, गाठोडं मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली. मुरलीधरने किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. कण्हणंसुद्धा नाही.

तोंड भिंतीला, पटांगण सपाट आणि माती भुसभुशीत. माणसं गोळा झाली. त्यांनी जीप मागे ओढली, वळवली, ढकलली. चाकं मातीत रुतली. शेवटी जीप कशीबशी उताराच्या माथ्यापर्यंत नेली, तर उतारभर नाचणी पसरलेली. बायका धावत आल्या आणि मिळेल त्या केरसुणीने नाचणी ओढू लागल्या. कुणी मुरलीधरला बोललं नाही. बोलले असते तर त्याला बरं वाटलं असतं. जीप उतारावरून सुटली आणि इंजिन धडधडलं, तेव्हा ऊन कौलांवर आलं होतं.

शिबिराच्या दारात स्वयंसेवकाने हात जोडले. "आजी, नावं भरली. खाटा जेवढ्या तेवढीच ऑपरेशनं. थोडं आधी आला असतात तर झालं असतं. आता पुढच्या वर्षी या."

मुरलीधरने खूप गयावया करून बघितली. आत जाऊन डॉक्टरांच्याही पाया पडून आला. पण आत सगळ्या खाटांवर कुणाची तरी आई, कुणाचा तरी बाप होता, उठवायचं कुणाला?

परत येताना तो म्हणाला, "मावशी, आपण शहरातल्या दवाखान्यात जाऊ. मी नेतो."

"तितं कोण ऱ्हाणार माझ्यासंगं? आणि पोरीला कुणाकडं टाकू? जाईल की वर्ष." हौसाबाई म्हणाली. घाट अर्धा चढून झाल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पोरगी चालाय लागंल मातर तवर."

मुरलीधर पुढे बघून गाडी चालवत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते ज्याला दिसले असते असं जीपमध्ये कुणी नव्हतं.

त्याच दिवशी त्याने सायकलच्या ट्यूब कापल्या, कॉम्प्युटर उतरवून घरात ठेवला आणि तारेचा तो तुकडा उपटून फेकून दिला. जीप उतारावर गेली, तोंड रस्त्याकडे. बायकांनी आपणहून नाचणी दुसरीकडे नेली. घरात वीज असेल तेव्हा रंजना अर्ज लिहू लागली. लोकांनी चार दिवस माशांची आठवण काढली, मग तीही सोडली.

शिमग्याच्या सुमारास एका सकाळी मुरलीधर उतारावर जीप पुसत होता. समोर हौसाबाईच्या अंगणात मैना भिंत धरून उभी राहिली. तिने भिंत सोडली. एक पाऊल टाकलं, डुगडुगली, दुसरं टाकलं. हौसाबाई उंबऱ्यावर बसून घुंगरं ऐकत होती. त्यांचा आवाज आज वेगळा लागत होता. ती भलतीकडेच तोंड करून विचारत होती, "मैने, चाललीस व्हय गं? चाललीस व्हय?"

जिला बघायचं होतं तिला दिसलं नाही, आणि मुरलीधरला सगळं दिसलं. त्याने फडकं खाली ठेवलं आणि तो तसाच उभा राहिला.

पुढच्या वर्षी शिबिराच्या दिवशी तालुक्याला पहिली पोचलेली गाडी सावरखिंडीची होती. ऑपरेशन झालं. डोळ्यांवरची पट्टी निघाली. हौसाबाई घरी आली तेव्हा मैना अंगणभर धावत होती. तिला जवळ घेऊन म्हातारी किती तरी वेळ तिचं तोंड, तिचे हात, तिचे पाय बघत राहिली.

एक दिवस ती मुरलीधरच्या घरी आली. "मुरली, ते तुजं मासं दाव की रे. समद्या गावानं बघितलं, माझंच ऱ्हायलं."

मुरलीधरचा जीव थोडा झाला. पण नाही कसं म्हणणार? रंजनाने कॉम्प्युटर लावला. निळं पाणी आलं. केशरी मासे आले, पट्ट्यापट्ट्यांचे आले, बुडबुडे वर गेले. हौसाबाई पडद्याजवळ वाकून नीट बघत होती. मासा एका कडेने जायचा आणि दुसऱ्या कडेने तोच परत यायचा.

"ह्येच व्हय?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की अजून काही असेल.

"हेच, मावशी," मुरलीधर म्हणाला.

बाहेर अंगणात घुंगरं वाजली. हौसाबाईने लगेच मान वळवली आणि ती मैनाला बघायला उठून गेली.

तात्पर्य: ज्या ताकदीवर दुसऱ्याचं काम अडलेलं असतं, ती लोकांच्या कौतुकासाठी उधळू नये, कौतुक चार दिवसांत विरतं, पण चुकलेली वेळ कुणाला परत आणून देता येत नाही.