वीतभर सैल दोर

फार पूर्वी, म्हणजे डोंगर आजच्यापेक्षा हातभर बुटका होता तेव्हा, त्याच्या पायथ्याशी दोन गावं होती. ओढ्याच्या अलीकडे आल्याडगाव, पलीकडे पल्याडगाव. दोघांची सोयरीक एकमेकांत, बाजार एकच, आणि भांडणंही एकमेकांशीच. त्यातून भांडण हद्दीचं असलं की विचारूच नका!

म्हणून वाडवडलांनी एक रीत घालून दिली होती. दोन्ही काठांवर एकेक दगडी खांब. दर बारा वर्षांनी सगळ्यांसमोर या खांबापासून त्या खांबापर्यंत एक दोर बांधायचा. ताठ बसला तर सगळं ठीक. सैल पडला तर समजायचं, कुणीतरी आपला खांब पुढं सरकवून जमीन लाटली. पण तीन पिढ्यांत दोर कधी सैल पडला नव्हता. तो सांभाळायचा मान आल्याडगावातल्या एका घराकडे होता, आणि दोन्ही गावं त्या घराचं नाव देवाच्या खालोखाल घेत.

त्या घरातला म्हातारा वारला आणि मान त्याच्या लेकीकडे आला; लोक तिला दोरवाली म्हणू लागले. जाताना त्यानं तिच्या हातात एक लाकडी पेटी दिली. म्हणाला, "मापाच्या आदल्या दिवशी उघड. दोर बसला पाहिजे, पोरी. गावं भांडता कामा नयेत."

मापाचं वर्ष आलं. त्या वर्षी मापाला जरा जास्तच महत्त्व होतं, कारण ओढ्यावरचा लाकडी पूल मोडला होता. त्याचे वासे दोन्ही काठांत घट्ट ठोकलेले. ते वर्षं वर्षं मधोमध वर फुगत गेले आणि एक दिवस काडकन तुटले. एक बैल खाली पडून मेला. सुतार कुणाच्या गावचा यावरून महिनाभर तोंडातोंडी झाली. मग दूरदेशीचा एक गवंडी बोलावला. तो म्हणाला, "तुमचा दोर बसला की नेमक्या त्या मापाचा दगडी पूल दोन्ही काठांत पक्का बसवतो."

आदल्या दिवशी दोरवालीनं एकटीनं दोर बांधून पाहिला. तो सैल पडला, चांगला वीतभर! तिनं दोन्ही खांबांची बुडं तपासली. जुनं शेवाळ जसंच्या तसं. कुणी बोटही लावलं नव्हतं. मग तिनं पेटी उघडली. आत एक सुरी, आणि दोराचे सात तुकडे. प्रत्येक वीतभर.

तिनं एक तुकडा उचलून पाहिला. "बाबा, तुम्हीसुद्धा?" पणजोबा, आजोबा, बाबा, सगळ्यांनी हेच केलं होतं. सैल पडला की वीतभर कापायचा आणि दुसऱ्या दिवशी ताठ दोर दाखवून शाबासकी घ्यायची.

गवंडी डोंगरावर दगड पाहायला गेला होता. ती धापा टाकत वर पोचली. "गवंडीदादा, खांब हलले नाहीत आणि अंतर तर घटलंय. असं कसं होईल?"

गवंड्यानं एक दगड पुढे केला. दगडात शिंपला रुतलेला होता. "ताई, एवढ्या उंचावर शिंपले कुठून आले? इथं एके काळी समुद्र होता. दोन्हीकडच्या जमिनी सरकत सरकत आल्या, एकमेकींना भिडल्या. मधला समुद्र गेला आणि त्याचा तळ दुमडून वर आला. तोच हा डोंगर. जमिनी अजून थांबलेल्या नाहीत. नखं वाढतात ना, त्याहूनही सावकाश चालतात. जगाच्या दुसऱ्या टोकाला म्हणे त्या एकमेकींपासून दूरही जातात, आणि मधल्या भेगेत नवा समुद्र भरतो."

"म्हणजे तुमचा पक्का पूल..."

"तोही मोडेल. आज नाही, पण मोडेल."

दोरवाली घरी आली. सुरी पुढ्यात ठेवून बसली. दोर कापला तर उद्या जयजयकार, बापाचं नाव शाबूत, आणि पुढं कधीतरी पुलावर असेल त्याचं मरण. नाही कापला तर ज्या बापाच्या खांद्यावर बसून तिनं पहिलं माप पाहिलं, तो भर गावात लबाड ठरणार. तिला रडू आवरेना. पण सुरी तिनं ओढ्यात फेकून दिली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत दोर सैल पडला. क्षणात काठ्या वर झाल्या. "जमीनचोर!" दोन्ही काठांवरून एकच शब्द आला. दोरवाली मध्ये उभी राहिली आणि तिनं सात तुकडे जमिनीवर मांडले. "दोर दर मापाला सैल पडायचा, आणि आमच्या घरातले तो आदल्या दिवशी गुपचूप कापायचे." एक घोंगडी अंथरली, दोन बायांना दोन्हीकडून ढकलायला सांगितली. घोंगडी मधोमध दुमडून वर आली. "हा आपला डोंगर," ती म्हणाली. "जमीन कुणी चोरली नाही. तीच चालतेय."

पल्याडगावचा पाटील खेकसला, "दोर जुना आहे. ताणून सैल झाला असेल."

"मग पुलाचे वासेही सैल होऊन तुटले का, पाटील? ते चेपले गेले."

पाटील हळूच म्हणाला, "म्हणजे तुझा बाप लबाड."

"हो," ती म्हणाली. "आपल्या दोन्ही गावांच्या भल्यासाठी लबाड. पण लबाडच."

काठ्या हळूहळू खाली आल्या. गवंड्यानं दगडी पुलाचा नाद सोडला. सुतारांना घेऊन त्यानं लांब वाशांचा पूल केला. एक टोक काठाला बांधलेलं, दुसरं कातळावर नुसतं टेकवलेलं, मोकळं. लोक हसले, "हा कसला अर्धवट पूल!"

पाच वर्षांनी ऐन जत्रेच्या दिवशी जमीन हादरली. भिंती पडल्या, काठ एकदम हातभर जवळ आले. पुलावर तेव्हा चाळीस माणसं होती. पुलाचं मोकळं टोक करकरत कातळावर पुढं सरकलं आणि थांबलं. सगळी माणसं सुखरूप. त्यांत पल्याडगावचा पाटीलही होता.

तो पुलावरून उतरला आणि थेट दोरवालीच्या दारात गेला. ती ओसरीवर दाभण घेऊन बसली होती. सातही तुकडे तिनं दोराला परत शिवले होते. पाटलानं दोर हातात घेतला, प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवलं.

"तुझ्या बापानं तुकडे फेकले असते तर?" तो म्हणाला.

"तर मला काहीच कळलं नसतं," दोरवाली म्हणाली, आणि पेटी उघडल्यापासून पहिल्यांदाच तिला त्याचा राग आला नाही.

तात्पर्य एवढंच: माप जुळेना म्हणून दोर कापू नये, पायाखालची जमीन कुठं चाललीय ते आधी पाहावं.