सावरट घाटातले दुकान 'बंद' का होते

सावरट घाट उतरला की डाव्या हाताला एक कौलारू दुकान लागते. बांबूच्या लहान टोपल्यांत निथळवलेले खारे पनीर तिथे मिळते, आणि आमच्या भागात यापेक्षा जुने दुकान नाही. पाहुणे गाडी थांबवतात, पनीर पानात बांधून घेतात, दुकानाचे फोटो काढतात. एवढ्यावर निघून गेले तर बरे. पण संध्याकाळपर्यंत रेंगाळले, तर त्या घरातली सगळ्यांत म्हातारी बाई उंबऱ्यावर येते, घाटाकडे तोंड करते आणि जीव खाऊन ओरडते, "दुकान बंद! बंद हाय दुकान!"

पाहुणे चपापतात. आपल्याकडे दुकान कोणी बंद करत नाही, वाढवतो. दिवा विझवत नाही, मालवतो. बांगडी फुटली तरी वाढली म्हणतो. मग ऐन तिन्हीसांजेला हे अभद्र बोलणे कशाला? याच रस्त्यावर एसटी चालवत मी म्हातारा झालो, म्हणून उत्तर द्यायचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. ऐका, पण ऐकून बरे वाटेल अशी आशा धरू नका.

फार मागची गोष्ट. तेव्हा इथे पायवाट होती आणि व्यापाऱ्यांचे बैल पाठीवर मीठ घेऊन घाट चढत. खोऱ्यात गवळ्यांच्या वाड्या होत्या. म्हशी इतक्या होत्या म्हणे, की त्या ओढ्यावर उतरल्या की माणसांना पाणी भरायला वाट मिळत नसे. भिवा येडगे आणि त्याची बायको ठकू सगळ्या वाड्यांचे दूध घेत आणि त्याचे पनीर लावत. मिठातले पनीर प्रवासात टिकते, त्यामुळे घाट चढणारा प्रत्येक जण टोपली घेऊनच वर जाई. दुकान म्हणजे एक खोली. ठकूला पुढे पडवी काढायची होती, जनावरांना पाणी प्यायला डोणी मांडायची होती. वर्षभर तिने नवऱ्याच्या मागे धोशा लावला होता. भिवा म्हणायचा, "बघू की."

एकदा भिवा पनीर घेऊन बंदरावर गेला आणि तिथे बुळकांडी आलेली त्याने पाहिली. बुळकांडी म्हणजे गुरांचा रोग. डोळे गळतात, हगवण लागते आणि उभे जनावर आडवे होते. भिवाचा स्वतःचा बैलही त्यात गेला. मिठाचे बैल आता हाच रोग घेऊन घाटाकडे जाणार आणि आपल्या दुकानाशी थांबणार, हे त्याला कळून चुकले. आपण घरी गेलो तर आपल्या पायांनीही तो जाईल, या भीतीने तो तिथेच राहिला. शहाणा माणूस होता, असेच सगळे सांगतात.

त्याला एक हिंग विकणारा पठाण भेटला. पाठीवर गाठोडे, संगती जनावर नाही, आणि जायचे होते घाटावर. भिवाने त्याला निरोप दिला, "माझ्या बायकोला सांगा, लगोलग दुकान वाढव." 'बंद कर' हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. लक्ष्मी जिथे बसते त्या जागेबद्दल असे कसे बोलायचे? पठाण बिचारा सरळ मनाचा. त्याने शब्द ऐकले, आपल्या बोलीत अर्थ लावला आणि ठकूच्या दारात येऊन सांगितले, "तेरा मरद बोला, दुकान बडा करो. जल्दी करो."

ठकूच्या आनंदाला पारावार राहिला नाही. दुसरे कोणी असते तर चार प्रश्न विचारते, पण मनात होते तेच कानावर आले होते. वाड्यांवरची माणसे मदतीला आली. पडवी उभी राहिली, डोणी मांडल्या. पनीर निथळून उरलेले पाणी ती त्यांत ओतू लागली. मिठाचे बैल बंदरापासून चालून दमलेले, ते डोणीत तोंड घालून प्यायले. त्यांच्यामागून दुधाच्या घागरी घेऊन गवळी आले, त्यांच्या म्हशीही तिथेच प्यायल्या. ठकू एकेकीला नावाने बोलावून पाजत होती म्हणे.

भिवा परत आला तेव्हा बंदरावर मरायला गुरे उरली नव्हती. त्याने दुरून पडवी पाहिली आणि वाटेतच थांबला. ठकू धावत आली. तो म्हणाला, "तुला दुकान वाढवाय सांगितलं हुतं न्हवं?"

"वाढिवलं की," ती म्हणाली. "बघा तरी."

तोवर पहिली म्हैस आडवी झाली होती. मग खोऱ्यात एकही उरली नाही. नवस झाले, अंगारे झाले, भिवाने डोणी फोडल्या. काही उपयोग झाला नाही. कोणी ठकूला वाईट बोलले नाही, आणि तेच तिला सोसवले नाही, असे म्हणतात. एकेक वाडी उठली आणि घाटापलीकडे गेली, ती परत आलीच नाही. ज्या दिवशी शेवटचे घर गेले, त्या संध्याकाळी ठकू उंबऱ्यावर आली आणि जाणाऱ्यांच्या पाठीकडे पाहत ओरडली, "दुकान बंद!" तो निरोप तेव्हा पहिल्यांदा खरा बोलला गेला.

आजही या खोऱ्यात म्हैस नाही. मध्येच कोणी हौसेने आणतो, ती टिकत नाही, आणि दूध खालच्या गावातून टेम्पोने येते. आजही त्या घरात 'वाढवणे' हा शब्द कोणी उच्चारत नाही. हल्ली ओरडायचे काम चंद्राबाईंकडे आहे. त्यांचा घसा गेला आहे, सून शहरात राहते आणि तिला यातले काही नको आहे. परवा मी त्यांना म्हटले, "चंद्राबाई, ऐकायला कोणी उरलंय का? कशाला घसा फोडता?"

त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "उशीर झालाय, ठावं हाय मला. पर निरोप पोचवायचा ऱ्हायलाय न्हवं."