शिळेखाली हात

“हाक द्यायचं काम मला कवा देणार, वस्ताद?”

तिम्मा वस्ताद तंबाखू मळत होता. मळतच राहिला.

जिथं जोंधळा पेरावा तर धोंडे उगवावेत, अशा एका डोंगराच्या कुशीत हा तिम्मा वस्ताद राहत होता. त्याचा चेला मरगू राहत होता. मरगूचा पाठचा भाऊ इरापा राहत होता, आणि इरापाची बायको नीलव्वा, नुकतीच पोटुशी. हत्तीएवढ्या शिळा नुसत्या अंगबळावर हलवायच्या, हा त्यांचा पिढीजात धंदा.

काम सांगायला सोपं. शिळेच्या एका कडेखाली लाकडाचा लांब वासा सारायचा. एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी वाशाच्या शेंड्यावर भार टाकायचा. शिळा बोटभर उचलली की खालच्या माणसानं तिच्याखाली दगडाचं टेकण सारायचं. मग दुसरी कड. पुन्हा बोटभर, पुन्हा टेकण. शिळा अशी मुंगीच्या पावलानं वर चढायची. पुरती चढली की खाली गोल ओंडके घालून पुढं लोटायची.

मरगूला ही मुंगी सोसत नव्हती. अंगात बळ मावत नव्हतं त्याच्या.

“कवा देणार?”

“तुझं ध्यान कुठं असतंय?” वस्तादानं विचारलं.

“शिळंवर. आणि कुठं असायचं?”

वस्तादानं चिमूट तोंडात टाकली आणि उठून चालता झाला.

इरापा खो खो हसला. “दादा, न्हाई म्हणायलाबी त्येनं तोंड उघडलं न्हाई बघ!”

भावाचंच हसणं, पण मरगूच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

गावच्या ओढ्यावर एक लांबरुंद शिळा टाकायची होती. दर पावसाळ्यात ओढा एखादं माणूस गिळायचा, म्हणून. शिळा खाणीतून सुटी झाली, आणि वस्ताद काठावरचा पाया बघायला खाली गेला.

वस्तादाची पाठ वळली आणि मरगू हाकेच्या जागी उभा राहिला.

“आज बोटभर न्हाई. एकाच दमात वीतभर!”

“आन् टेकण?” इरापा म्हणाला.

“वर गेल्यावर घाल की एकच मोठं. सारखं काय चिवडत बसायचं?”

“वस्ताद काय म्हनंल...”

“वस्ताद म्हातारा झालाय. बोल हैश्या!”

हैश्या झालं. शिळा वीतभर उचलली. माणसं आनंदानं ओरडली. मरगूनं मिशीवर हात फिरवला. आणि इरापा, थोरल्या भावाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, कवळभर दगड घेऊन खाली शिरला.

वासा कडाडला.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. कमरेपासून खाली इरापा दिसेनासा झाला, एवढंच.

वस्ताद आला तेव्हा मरगू दुसरा वासा घेऊन झटत होता, डोळ्यांत रक्त उतरलेलं.

“सोड,” वस्ताद म्हणाला.

“माझा भाऊ हाय त्यो!”

“म्हनून सोड.”

“हाक कुनी दिली?” वस्तादानं विचारलं.

“म्या.”

“मग खाली जा. टेकण तू सारायचं.”

एका गड्यानं भीत भीत विचारलं, “मग हाक कोन देनार, वस्ताद?”

“जो खाली हाय, त्यो.”

अशी मरगूला हाक मिळाली.

वाशावर हात कमी पडत होते. नीलव्वा भाकरी घेऊन आली होती. तिनं टोपली खाली टाकली, पदर खोचला आणि वाशाला लागली. रडली नाही. रडायला सवड कुठली?

मरगू भावाशेजारी पालथा पडला. गाल मातीला, हात शिळेखाली.

“उचला... जरा... बस.” टेकण. “आनी जरा... बस, बस.”

वर उभं राहून शिळा जेवढी दिसते, त्याहून खालून फार मोठी दिसते.

मध्येच वासा जरासा ढळला. शिळा मरगूच्या दोन बोटांवर बसली. तो किंचाळला असता तर वाशावरचे हात दचकले असते. मरगूनं ओठ चावला. ओठातून रक्त आलं, आवाज नाही.

“सावकाश,” तो म्हणाला. “उचला... सावकाश.”

उन्हं कलली तेव्हा इरापा बाहेर निघाला. जीव होता. नीलव्वानं ओंजळीनं पाणी पाजलं. त्यानं भावाकडं मान वळवली.

“दादा... येवढं सावकाश कवा शिकलास रं?”

ओंजळीतलं पाणी संपायच्या आत तो गेला.

शिळा ओढ्यावर बसली. सारा गाव तिच्यावरून जाऊ-येऊ लागला. मरगू मात्र शेजारून पाण्यातून जायचा, गुडघाभर असो की छातीभर. वाशाला त्यानं पुन्हा हात लावला नाही. नीलव्वा बाळंतपणाला माहेरी गेली. परत ये म्हणायचं तोंड कुणाला नव्हतं.

चैत्रात ती आपणहून आली.

मरगू पाण्यात उभा होता. ती शिळेच्या मधोमध थांबली, काखेतली गोधडी अंथरली आणि तिच्यावर लेकरू ठेवलं. मुलगा. कपाळ, हनुवटी, सगळा इरापा.

काठावरच्या बाया कुजबुजल्या. “ज्यानं घर बुडवलं, त्याच्याच पुढ्यात ठेवतीया?”

“भावजी,” नीलव्वा म्हणाली, “तुमच्या घरचा दिवा हाय. घरात घेऊन चला.”

मरगू शिळेवर चढला. पहिल्यांदाच. गुडघे टेकले. आठ बोटांचे ते हात पुढं गेले... आणि मागं आले.

“वस्ताद, ह्या हातांनी... न्हाई व्हायचं.”

वस्ताद काठावर तंबाखू मळत बसला होता. मळता मळता थांबला.

“उचल,” तो म्हणाला. “पर आदी मानंखाली हात घाल.”