चारोळीच्या दाराची किल्ली

"...आणि ती आत मेली असली तर, बाबा? तरी असंच बसून राहायचं?"

देवाजीबाबा मडावी बंद दाराला पाठ टेकून सुपातली बोरं निवडत होते. डॉक्टर केतकी ठवकर त्यांच्यासमोर उभी होती. पौषातली सकाळ. विदर्भातल्या त्या वन्यजीव उद्यानात गवताच्या पात्यापात्यावर दव बसलेलं.

दारामागं चारोळी होती. अस्वलीण, दिवस भरलेली. अकरा दिवसांपूर्वी ती त्या काळोख्या खोलीत शिरली ती बाहेर आलीच नव्हती. खाणं नाही, पाणी नाही. आतला कॅमेरा तिनं पहिल्याच दिवशी पंजा मारून फोडला होता.

बाबांचा सगळा जन्म अस्वलं सांभाळण्यात गेलेला. केतकीला इथं येऊन सहा महिने झाले होते, आणि आपलं सुवर्णपदक तिनं टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं होतं.

"बाळंतिणीच्या खोलीत कोणी डोकावते का?" बाबा म्हणाले.

"डॉक्टर डोकावतो."

"बोलावलं तर."

"अस्वल बोलावणार आहे मला?"

"तुम्हाला? सुईवालीला?" बाबा गालात हसले. "बसा न, डॉक्टरीणबाई. बोर खा."

केतकी बसली नाही. काल दिवेलागणीला तिनं देवीला खणानारळाची ओटी बोलली होती. बोलली खरी, पण देवीच्या हाती सोपवून निवांत व्हायचं काही तिला जमलं नव्हतं. पिशवी भरूनच ती आली होती... सलाईन, टॉर्च, बेशुद्धीचं औषध.

"किल्ली द्या, बाबा. जबाबदारी माझी."

बाबांनी कमरेच्या करगोट्याची किल्ली सोडली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

इतक्या सहज मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

"अडवणार नाही?"

"मागल्या थंडीत मीच उघडलं होतं," बाबा म्हणाले. "चौथ्या दिवशी. जीव राहीना म्हणून. दोन पिल्लं होती. चांगली धडधाकट."

"मग?"

बाबांनी सुपातलं एक बोर उलटसुलट करून पाहिलं.

"बाबा, मग?"

"भेदरली ती. सांजेपर्यंत एकही जितं ठेवलं नाही तिनं."

पण अकरा दिवस म्हणजे अकरा दिवस. केतकी दाराशी गेली. किल्ली कुलपाला लागून खणकली.

आतून गुरगुर आली. खोल, घोगरी.

केतकीचे डोळे भरून आले. जिवंत होती चारोळी. पण ताप असेल, पिल्लू अडलं असेल... आता तर बघायलाच हवं. हात कुलपावरच राहिला.

बाबांनी मान वळवली नाही. फक्त बोरं निवडणारी बोटं थांबली होती.

तिनं किल्ली मुठीत घट्ट आवळली. मग हळूच खाली बसली, बाबांसारखीच दाराला पाठ टेकून. लोखंड गार लागत होतं.

आतली गुरगुर कमी होत होत थांबली. कोवळं ऊन सरकत सरकत केतकीच्या पायांशी आलं.

आणि तिच्या पाठीमागं काहीतरी गुणगुणायला लागलं. लांब झाडावर मोहोळ असावं तसं. थांबलं... पुन्हा सुरू झालं. मग त्यात आणखी एक बारीक सूर मिसळला.

"बाबा, हे..."

"दूध पिताना गुणगुणतात ती."

"ती?"

बाबांनी दोन बोटं वर केली.

केतकीनं पदरानं डोळे टिपावेत तशी ओढणी डोळ्यांना लावली, आणि अकरा दिवसांनी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. सुपातलं एक बोर उचलून तिनं तोंडात टाकलं. गोड निघालं.

निघताना तिनं किल्ली पुढं केली. बाबांनी घेतली नाही.

"उद्या येऊ, बाबा? नुसती बसायला?"

"या न."

"बाळंतिणीकडं रिकाम्या हातानं कसं यायचं? काय आणू तिला?"

बाबांनी एक किडकं बोर बाजूला टाकलं.

"किल्ली आणा. आजच्यासारखीच, मुठीत."