कोठारातली धामण

फार पूर्वी शालिनगरीत जयसेन राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व त्याच नगरीत अमात्यकुळात जन्मला होता आणि वडिलांच्या मागे राजाचा अमात्य म्हणून काम पाहत होता.

नगरीच्या धान्यकोठारात एक धामण राहत असे. बिनविषारी, लांबलचक आणि कामाला चोख. कोठारातले हमाल तिला राखण म्हणत. ती उंदीर खाई, कोणाच्या वाटेला जात नसे, आणि नव्या भाताच्या सणाच्या सुमारास एकदा हमखास कात टाकी. ती अखंड कात कोठाराच्या दारावर बांधायची आणि मगच नवे भात आत घ्यायचे, अशी तिथली रीत होती. राखणीला या रीतीची माहिती नव्हती.

एका वर्षी पाऊस पडला नाही. शेजारच्या राज्यांत कोठारे असूनही लोक उपाशी राहिले, कारण निम्मे धान्य उंदरांनी आधीच खाल्ले होते. शालिनगरीचे धान्य शाबूत होते. राजाला राखणीचे उपकार वाटले, आणि काम चांगले करणाऱ्याला त्या कामावरून उचलून मानाच्या जागी बसवण्याची पद्धत तेव्हाही असल्यामुळे त्याने तिला राजवाड्यात आणवले. तिला 'धान्यराज्ञी' ही पदवी मिळाली. संगमरवरी दालन, रेशमी गादी, रुप्याच्या वाटीत दूध आणि सेवेला राजपुरोहित पिंगल, असा सगळा थाट झाला. तिला थंडी वाजू नये म्हणून दालनात अहोरात्र शेगड्या पेटत. धूप जळे. रोज सकाळी अंगावर चंदनाची पूड उधळली जाई. पाणी मात्र कोणी ठेवले नाही. राणीला पाणी देणे हे पिंगलाला कमीपणाचे वाटले.

राजाचे तिच्यावर खरोखर प्रेम होते. कारभारातून सवड मिळाली की तो तिच्याजवळ जाऊन बसे. पण दिवसेंदिवस ती गादीखाली तोंड घालून पडू लागली. दूध नासत होते, तिला आणून दिलेले उंदीर दालनात मोकळे फिरत होते. मग कात सुटू लागली, तीही चिंध्यांसारखी. पोटावरची आली, पाठीवरची चिकटून राहिली. शेपटीवर जुन्या कातडीची कडी आवळून बसली आणि तिच्याखालचे टोक काळे पडत चालले. डोळ्यांवरचे जुने पापुद्रे निघालेच नाहीत. डोळे धुरकट राहिले आणि ती आवाज होईल तिकडे तोंड मारू लागली.

पिंगलाने चिमटा आणला आणि पाठीवरचा एक तुकडा ओढून पाहिला. कातीबरोबर खालची नवी कातडीही सोलली गेली आणि रक्त आले. पिंगल म्हणाला की हा अवरोध आहे, पण डोळ्यांवरचे पापुद्रे असेच जोर लावून काढले की सुटेल.

राजाने त्याचा हात धरला आणि बोधिसत्त्वाला बोलावणे पाठवले. पुढच्या पिकाचा सण तोंडावर आला होता. कात नाही तर नवे भात उघड्यावर पडणार, आणि ही आपली राखण आंधळी होऊन मरणार, या दोन चिंतांपैकी कोणती मोठी हे राजालाच कळत नव्हते. तो म्हणाला, "अमात्य, हिचे डोळे वाचवा आणि सणाला अखंड कात द्या. महामात्याची जागा रिकामीच आहे."

बोधिसत्त्वाने राखणीकडे पाहिले, शेगड्यांकडे पाहिले, आणि तो तडक कोठारात गेला.

कोठाराचा प्रमुख धनिक त्याची वाटच पाहत असल्यासारखा समोर आला. "या अमात्य. तिकडे राखणीला मान मिळाला, इकडे उंदरांना मिळालाय. दिवसाढवळ्या पोत्यांवर बसून असतात. मी येताना दिसलो तर उठतसुद्धा नाहीत."

"राखण इथे कुठे पडून असायची?"

"हमालांच्या पाण्याच्या रांजणाखाली. रांजण पाझरतो. दुसरा आणा म्हणून मी दरवर्षी सांगतो, दरवर्षी तुम्ही हो म्हणता."

रांजणाखाली ओलसर माती होती, शेवाळ होते, आणि पाण्याचे एक उथळ डबके साचले होते. बाजूला भिंतीच्या पायाचा एक खडबडीत दगड बाहेर आलेला होता. त्याच्या कडेला गेल्या वर्षीच्या कातीचा धागा अजून अडकून होता. बोधिसत्त्व तिथे बराच वेळ उकिडवा बसला. इथे तिला गारवा होता, पाणी होते, अंग घासायला जागा होती आणि कोणी तिची सेवा करीत नव्हते. वाड्यात फक्त सेवा होती.

तो परत गेला आणि राजाला म्हणाला, "महाराज, तिची पदवी काढून घ्या आणि तिला कोठारात जाऊ द्या."

राजा दुखावला. माझ्याकडे तिला काय कमी पडले, असे त्याने विचारले. बोधिसत्त्वाने सांगितले की पाणी. राजाने वाटीतल्या दुधाकडे पाहिले आणि विचारले, "मग कात केव्हा टाकील?"

"ते सांगता येणार नाही. पाणी देणे माझ्या हातात आहे, दिवस ठरवणे तिच्या."

राजाला हे उत्तर आवडले नाही. पण शेपटीचे काळे टोक त्याला दिसत होते. त्याने परवानगी दिली आणि सांगितले की सणाला कात मिळाली नाही तर अमात्यपदही राहणार नाही.

बोधिसत्त्वाने राखणीला कोठारात आणले. पसरट मातीच्या भांड्यात कोमट पाणी घेतले, तिला डोके सहज वर ठेवता येईल इतकेच, आणि त्यात तिला सोडले. ती प्रथम पाणी प्यायली. इतका वेळ प्यायली की धनिक आपली तक्रार विसरून पाहत राहिला. मग बोधिसत्त्वाने एक मडके आडवे ठेवून त्यात ओले शेवाळ भरले. ती आत शिरली. त्याने मडक्याभोवती कोणाला फिरकू दिले नाही. रोज शेवाळ ओले करायचे, पाणी बदलायचे आणि निघून यायचे, एवढेच काम त्याने स्वतःकडे ठेवले. काही दिवसांत पाठीवरचे तुकडे आणि शेपटीवरची कडी भिजून आपोआप गळून पडली. टोकाला पुन्हा रंग आला.

डोळ्यांवरचे पापुद्रे मात्र तसेच होते. एकदा त्याला दिसले की डाव्या डोळ्यावरच्या पापुद्र्याची कड किंचित उचललेली आहे. नख लावले असते तर निघाला असता, किंवा डोळाही त्याच्याबरोबर आला असता. दारापलीकडे सणाच्या तोरणांची बांधाबांध चालली होती. बोधिसत्त्वाने बोट पुढे नेले, तसेच थोडा वेळ धरले आणि मागे घेतले.

सणाच्या आदल्या दिवशी पिंगल आला. त्याने रेशमी वस्त्रात गुंडाळलेली एक कात पुढे केली. नदीकाठच्या वारुळात सापडलेली, अगदी अखंड.

"लोकांना काय कळणार? कात ती कात. तुम्ही महामात्य व्हाल, माझ्या चिमट्याबद्दल कोणी विचारणार नाही, भात आत जाईल. यात कोणाचे काय जाते?"

बोधिसत्त्व म्हणाला, "उद्या ही दारावर लागली की राखण बरी झाली असे होईल. मग तिला पुन्हा गादीवर नेतील. तिला अजून दिसत नाही, पुरोहित."

पिंगल वस्त्राची घडी घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भाताच्या गाड्या कोठारासमोर उभ्या राहिल्या. दारावर काही नव्हते. बोधिसत्त्वाने लोकांना सांगितले की राखण आजारी आहे, तिने कात टाकलेली नाही, आणि भात कातीवाचून आत घेण्यात येईल. लोक कुजबुजले. एक गाडीवान म्हणाला, "आज कातीवाचून दार उघडतायत, उद्या किल्लीवाचून उघडतील." हशा झाला. पण आभाळ भरून आले होते, त्यामुळे रीतीचा अभिमान बाजूला ठेवून सर्वांनी पोती आत टाकली. पिंगलाने वाड्यावर जाऊन रीत मोडल्याचे कळवले. त्याच दिवशी बोधिसत्त्वाचे अमात्यपद गेले आणि त्याला धनिकाच्या हाताखाली कोठारात नेमण्यात आले. धनिकाने त्याला पहिला हुकूम दिला, की रांजण बदलू नकोस.

लोकांनी आता अपशकुनाची वाट पाहिली. अपशकुन आला नाही. राखण हळूहळू खाऊ लागली होती. तिला दिसत नव्हते, तरी उंदरांना ते माहीत नव्हते.

मग काही दिवस ती मडक्यात स्वस्थ पडून राहिली. तिचा रंग मंदावला आणि एका सकाळी पुन्हा उजळला. बोधिसत्त्वाने शेवाळ ओले केले आणि धनिकाला सांगितले की त्या बाजूची पोती आज हलवू नका. धनिकाने न कुरकुरता ऐकले. ही गोष्ट कोठारात बरेच दिवस बोलली गेली.

राजा दुपारी कोणाला न कळवता आला. लाज वाटत असावी. तो आणि बोधिसत्त्व पोत्यांआड उभे राहिले. राखणीने पायाच्या दगडाला तोंड घासले. ओठांवरची कात सुटली आणि अंगरखा उलटा करून काढावा तशी मागे मागे जाऊ लागली. घाई कुठेच नव्हती. ती बाहेर आली तेव्हा मागे संपूर्ण कात पडली होती. त्या कातीच्या डोक्यावर डोळ्यांच्या जागी जुने आणि नवे, दोन्ही पापुद्रे एकावर एक बसलेले होते.

राजा कातीकडे धावला. मग थांबला आणि राखणीकडे पाहू लागला. तिचे डोळे काळेभोर, ओले दिसत होते. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिले, ओळख दाखवली नाही, आणि पोत्यांच्या खाली निघून गेली. आत कुठेतरी धावपळ झाली.

"अमात्य," राजा म्हणाला, "काय देऊ?"

"तिच्याजवळ पाणी असू द्यावे, महाराज. आणि तिला बढती देऊ नये."

राजाने त्याला अमात्यपद परत दिले. ती कात दारावर बांधली गेली नाही. भात आधीच आत होते.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली, त्याला कारण झाले होते. पत्नी वारल्यावर उतारवयात प्रव्रज्या घेतलेला सुगोप नावाचा भिक्खू घराच्या आठवणीने रडत असे. त्याचे गुरू, वडीलधारे थेर भद्रघोष, त्याला रोज सकाळी विचारीत की आसक्ती टाकलीस का, आणि नाही म्हटले की सर्वांदेखत टोचून बोलत. सुगोपाने अन्न सोडले होते. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, त्या जन्मी चिमटा आणणारा पिंगल म्हणजे आजचा भद्रघोष. धामण म्हणजे सुगोप. सुगोपाचे हाल कळकळीने माझ्या कानावर घालणारा भिक्खू श्रीगुप्त हा तेव्हा राजा जयसेन होता. धनिक म्हणजे आपला भांडारी, त्याच्या तक्रारी अजून चालू आहेत. आणि अमात्य मीच होतो. दुसऱ्याचे जुने आवरण आपल्या हाताने ओढू नये. त्याच्याजवळ ओलावा ठेवावा आणि त्याच्या वेळेसाठी आपला वेळ द्यावा. या गुणाला क्षांती म्हणतात."

भद्रघोष जागेवरून उठले. त्यांनी पाण्याचे भांडे भरून सुगोपाजवळ नेऊन ठेवले, आणि काहीही न विचारता परत आपल्या जागी येऊन बसले.