अठ्ठाविसावं ताट

फार जुनी गोष्ट आहे, पण साल पक्कं ठाऊक आहे. राजाच्या राज्याचं चाळिसावं वर्ष, शरद ऋतू, आश्विन पौर्णिमा. भात कापणीला आलं होतं. तरी त्या दिवशी शेतात एकही माणूस नव्हता. सगळं गाव दीपमाळेपाशी उभं होतं.

कारण काय? राजाचा कारभारी आला होता.

त्या राज्यात एक नेम होता. ज्याने हजार पौर्णिमा पाहिल्या, त्याला राजा एक मागणं देई. एकच, पण नाही म्हणत नसे. आणि गावात ठकूमाय होती.

ठकूमाय कोण, हे त्या गावात कुणी विचारत नसे. बाळंतिणीला दूध नसलं की ठकूमायने पोर आपल्या पदराखाली घेतलेलं. प्रत्येक नव्या पोराला तिच्या हातची गोधडी. दुष्काळात कडू कंद तीन पाण्यांत उकळून खायला तिनेच शिकवलं. निम्मं गाव तिच्यामुळे जिवंत होतं, उरलेलं निम्मं त्या निम्म्याची लेकरं. म्हणून सगळे तिला माय म्हणत.

तिचा स्वतःचा लेक मात्र एकच. येसाजी. एकतीस वर्षांपूर्वी सीमेच्या किल्ल्यासाठी राजाने प्रत्येक गावाकडून एक जवान मागितला. या गावातून येसाजी गेला. किल्ल्यावर गेलेला माणूस मरेपर्यंत परत येत नसे. तसा हुकूमच होता.

"माय, काय मागणार?" कारभाऱ्याने विचारलं.

"माझा लेक," माय म्हणाली. "दुसरं काय मागू? दात मागू?"

लोक हसले. कारभारी हसला नाही. त्याने दीपमाळेवर कोरलेलं साल वाचलं. ती दीपमाळ मायच्या बापाने घडवली होती, आणि ती उभी राहिली त्याच दिवशी माय जन्मली होती. त्याला एक्याऐंशी वर्षं झाली होती.

"एक्याऐंशी गुणिले बारा," कारभारी बोटांवर मोजत म्हणाला. "नऊशे बहात्तर. अठ्ठावीस कमी." आणि त्याने दप्तर बांधायला घेतलं.

आदल्या रात्री गावानेही हाच गुणाकार केला होता आणि हेच उत्तर आलं होतं. तरी कुणी मायला सांगितलं नव्हतं. कारभारी चुकेल, अशी वेडी आशा धरून सगळे उभे होते.

तेवढ्यात मागून भिवा तांबट ओरडला. सत्तरीचा म्हातारा, पण जेवणाला कधी उशीर न करणारा.

"अहो कारभारी, मग माझ्या सासूने घातलेले धोंडे कुठल्या महिन्यात खाल्ले मी?"

"काय?"

"धोंड्याचा महिना! दर तिसऱ्या वर्षाला तेरावा महिना येतो की! तो कुणी मोजला?"

गावाने कपाळावर हात मारला. जावयाला ताट आणि अनारशांचं वाण देताना सगळ्यांना लक्षात राहणारा महिना नेमका मोजताना सगळे विसरले होते!

कारभारी मान हलवून म्हणाला, "तो मलमास. त्यात लग्न नाही, मुंज नाही, शुभकार्य नाही. जो महिना कामात धरत नाहीत, तो मोजणीत कसा धरायचा?"

"त्या महिन्यात चंद्र रजेवर जातो का रे बाबा?" मायने विचारलं.

आता कारभारीही हसला. पण कारभारीच तो. म्हणाला, "ठीक. कुठल्या साली कुठला महिना अधिक होता, ते दाखवा. तोंडी नको. अठ्ठावीस महिने, अठ्ठावीस पुरावे. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत थांबतो."

पुरावा गावात घरोघरी पडला होता! त्या मुलखात जावयाला तांब्याचं ताट देत आणि त्यावर साल आणि महिना कोरून घेत. गावातला प्रत्येक बाप्या कुणाचा ना कुणाचा जावई होता.

मग जी पळापळ झाली, ती काय सांगावी. बायकांनी माळे उपसले. एक ताट लोणच्याच्या बरणीवर सापडलं, एक कोंबड्यांच्या डालग्यावर. भिवाची बायको धापा टाकत आली. "पाच आणली! सासऱ्यांचीसुद्धा! आणि या माणसाने एकही घासलेलं नाही!"

भिवा म्हणाला, "घासलं असतं तर साल पुसलं असतं. बोल आता!"

कारभारी एकेक ताट वाचू लागला. प्रत्येक सालाला गावातून आवाज येई.

"अधिक आषाढ! त्या साली पूर आला. मायने कमरेला दोर बांधून चार जणांना ओढलं."

"अधिक चैत्र! मी तेव्हाचा. माझी आई गेली, मी मायच्या दुधावर वाढलो."

"अधिक भाद्रपद! देवी आल्या होत्या गावात. माय सोडून कुणी घरात येईना."

ताटं रचली जात होती, माणसं ओरडून आकडा म्हणत होती. पंधरा! वीस! पंचवीस! माय मधे बसून म्हणत होती, "अरे, हे मी केलं? मी तर भाकरी थापत होते."

सत्तावीस झाली. आणि आवाज थांबला.

मायच्या लहानपणच्या दोन अधिक महिन्यांची ताटं कुणाकडे उरली नव्हती. राहिला एकच. एकतीस वर्षांपूर्वीचा अधिक ज्येष्ठ. किल्ल्यासाठी माणसं नेली, तो महिना. तेव्हा तरणे लोक रानात लपले होते. त्या महिन्यात कुणी सासरी गेलं नाही, कुणाला ताट मिळालं नाही.

सूर्य डोंगराला टेकला.

गर्दीच्या कडेला कोंडाजी पाटील उभा होता. पंचाहत्तर वर्षांचा, ताठ मानेचा. गावात त्याच्यापुढे मोठ्याने कुणी बोलत नसे. तो वळला आणि घराकडे चालू लागला.

"पाटील, नको," माय हळूच म्हणाली. "राहू द्या."

पाटील थांबला नाही. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक काळं पडलेलं ताट होतं. कारभाऱ्याने वाचलं. "अधिक ज्येष्ठ. साल बरोबर आहे. पण त्या महिन्यात कुणाला ताट मिळालं नाही म्हणता. हे कुणाला दिलं?"

"कुणाला नाही," पाटील म्हणाला. "जावयासाठी करून घेतलं होतं. त्याच दिवशी शिपाई आले. कुणाला पाठवायचं म्हणून चिठ्ठी काढली. मीच काढली. चिठ्ठीत माझ्या लेकाचं, हैबतीचं नाव होतं."

हैबती गर्दीत होता. आता पन्नाशीचा, नातवंडांचा आजा. त्याने मान खाली घातली.

"मी चिठ्ठी मुठीत चुरगाळली. पुन्हा काढू म्हणालो. माय शेजारी उभी होती. तिने नाव पाहिलं होतं. ती म्हणाली, पुन्हा कशाला, माझा जातो. मी एकतीस वर्षं गप्प राहिलो. हे ताट धान्याच्या पेवात पुरलं. आज उकरून आणलं."

पाटलाने पागोटं काढून मायच्या पायाशी ठेवलं.

"तुम्हाला लेकरं चार होती," माय म्हणाली, "पण त्यांना बाप एकच, तोही भित्रा. काय करता! उचला ते पागोटं, धूळ लागतेय."

कारभाऱ्याने लेखणी घेतली आणि मोठ्याने वाचलं, "नऊशे बहात्तर आणि अठ्ठावीस. हजार!"

गाव इतकं ओरडलं की भाताच्या शेतातले पोपट उडाले. भिवाने दोन ताटं घेतली आणि झांजांसारखी वाजवत दीपमाळेभोवती नाचू लागला. त्याची बायकोही नाचली. आणि त्याच गोंधळात, मायच्या डोळ्यांसमोर, हजारावी पौर्णिमा उगवली.

लहानांनो, थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: एखाद्याचं आयुष्य आठवायचं तर आपल्याला लाज आणणारा महिनाही मोजावा लागतो.

राजाचा हुकूम घेऊन किल्ल्यावर पाटील स्वतः गेला. शिपाई देत होते, घेतले नाहीत. घोडा घेतला, पण त्यावर बसला नाही; म्हणाला, येताना येसाजीसाठी लागेल. बाराव्या दिवशी, भात झोडपणी चालू असताना, तो पायी परत आला. घोड्याचा लगाम त्याच्या हातात होता आणि घोड्यावर पांढऱ्या मिशांचा येसाजी होता.

मायच्या उंबऱ्यापाशी त्याने येसाजीला हात देऊन उतरवलं आणि हाक मारली.

"माय, तुझा लेक आणलाय."