थोरल्याच्या ताऱ्यांची रांग

फार फार जुनी गोष्ट आहे. वर बघून चांदण्या मोजणारं तेव्हा कुणी जन्मालाही आलं नव्हतं. अंधाराच्या एका कोपऱ्यात एक मोठी दीर्घिका राहत होती. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं गावच. हिचं गाव एवढं पसरलेलं, की एका वेशीवरून निघालेला उजेड दुसऱ्या वेशीला पोचायला लाखभर वर्षं लागत.

तिच्या भोवती ताऱ्यांचे जुने गोल गुच्छ होते. गावाबाहेर म्हातारे गप्पा मारत बसावेत तसे ते बसलेले असत. त्यांच्याही पलीकडे शेजारच्या लहान दीर्घिका फिरत. त्यांतच दोन भाऊ होते, थोरला आणि धाकटा.

थोरला देखणा होता. कितीही अवघड वळण येवो, त्याचे तारे एकामागून एक असे शांत वळत, की बघणाऱ्यानं बघतच राहावं. धाकट्याला चालायला त्यानंच शिकवलं. आमच्या दादासारखी चाल कुणाला जमायची नाही, असं धाकटा भेटेल त्याला सांगत सुटायचा. म्हातारे गुच्छ थट्टा करायचे, की याला स्वतःचे तारे किती ते ठाऊक नाही, पण दादाचे पाठ आहेत.

एकदा थोरल्याची वाट मोठीच्या अगदी जवळून जाणार होती. धाकटा हट्टाला पेटला, मीही येणार म्हणून.

"तू लांबून वळ," थोरला म्हणाला. "तिची ओढ तुला झेपायची नाही."

धाकटा रुसला आणि रागाच्या भरात दूर निघून गेला. मधूनमधून वळून बघायचा. दादा होता तसाच लखलखत होता. मग याला वाटायचं, बोलू सावकाश, घाई काय आहे?

पण दीर्घिकांची एक चूक नेहमीची असते. लांबून दिसतो तो उजेड जुना असतो, हे त्या विसरतात. धाकट्याला दिसत होता तो फार पूर्वीचा दादा. एके दिवशी दादाची एक बाजू उसवल्यासारखी दिसली, तेव्हा तो जीव तोडून धावला. पोचला तेव्हा दादाच्या जागी अंधार होता.

तो थेट मोठीच्या वेशीवर गेला आणि माझा दादा परत दे म्हणाला. ती रागावली नाही.

"मी मुद्दाम ओढलं नाही रे," ती म्हणाली. "जवळ येईल ते माझ्याकडे येतं, तसा माझा पिंडच आहे. त्याचे तारे माझ्यात आहेत. ओळखता आले तर ओळख."

धाकट्यानं पाहिलं. आत अब्जावधी दिवे, सगळे सारखेच. दादाचा एकही ओळखू येईना. तो रडायला लागला. तेव्हा सगळ्यांत म्हातारा गुच्छ हळूच म्हणाला, "चमक कशाला बघतोस? चाल बघ."

आणि धाकट्याला दिसलं. मोठीचे सगळे तारे एका दिशेनं गरगरत होते. त्यांना आडवी छेदून एक बारीक रांग खालून वर चढत होती. एकामागून एक, तेच शांत वळण. त्यांना वाट दाखवणारा आता उरला नव्हता, तरी एकानंही रांग मोडली नव्हती.

"दादा," असं ओरडून धाकट्यानं आत झेप घेतली. वेशीवरच त्याचे काठाचे तारे निसटू लागले.

"जा हवं तर, मी कोण अडवणार?" म्हातारा म्हणाला. "पण आत गेल्यावर ती रांग तुला दिसणार नाही. मी एकेकाळी एका दीर्घिकेचं काळीज होतो. मोठीनं तिला ओढून घेतलं, आणि तिच्यामागे तिचे सगळे सोबती आत गेले. तिची चाल ओळखणारं बाहेर कुणी राहिलंच नाही. आता मला सगळे मोठीचाच गुच्छ समजतात. ती कशी होती, हे मला कुणी विचारतही नाही."

धाकटा थबकला. आत दादा होता. मागे फिरणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा सोडून जाणं, असं त्याला वाटलं. तरीही त्यानं उरलेले तारे गोळा केले, सगळा जोर लावला आणि रडत रडतच तो लांबच्या वाटेला लागला.

पुढे त्याच्या पोटी नवे तारे जन्मले. त्यांतल्या एका निळ्या पोरट्यानं विचारलं, की थोरले काका कसे चालायचे? धाकट्यानं त्याला मोठीतली ती बारीक रांग दाखवली. पोरगं एकेक तारा निरखून बघत होतं.

"चालायचे काय म्हणता बाबा," ते म्हणालं, "ते तर अजून चालताहेत."

तात्पर्य: गेलेल्याच्या मागे स्वतःला झोकून देऊ नये, त्याची चाल ओळखणारं कुणीतरी बाहेर उरावं लागतं.